बोटीच्या पोटातील इंधनटाकी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. या भागातील माणसाला यंत्रावर चालणारी बोट दिसते ती बहुधा पुराच्या दिवसांत, बचाव पथकाची. रबरी बोट, तिच्या मागच्या बाजूला बाहेरून अडकवलेले इंजिन आणि पायाशी ठेवलेली वीस-पंचवीस लिटरची सुटी टाकी, एवढाच त्या बोटीचा पसारा. टाकी खराब झाली तर नळी सोडायची, टाकी एका हाताने उचलायची आणि दुसरी ठेवायची. पाच मिनिटांत काम संपते.

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकेची गोष्ट अगदी निराळी आहे. मुंबईचा ससून डॉक आणि वर्सोवा, रायगड आणि रत्नागिरीची बंदरे, हर्णै, मिरकरवाडा अशा ठिकाणी नांगरलेल्या लाकडी किंवा फायबरच्या नौकांमध्ये डिझेलची टाकी डेकखाली, इंजिनघराच्या एका किंवा दोन्ही बाजूंना, बोटीच्या पोटात बसवलेली असते. नौका बांधताना सांगाडा उभा राहतो, इंजिनाचा पाया घातला जातो, टाकी आत ठेवली जाते आणि मग वरून डेक बंद होतो. बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम सोयीचा असतो. त्या टाकीला पंधरा-वीस वर्षांनी बाहेरही यावे लागेल, याचा विचार मात्र त्यात क्वचितच असतो. इंजिनघरात उतरण्याचे झाकण माणसापुरते असते आणि टाकी माणसापेक्षा रुंद असते. गंजलेली, गळकी टाकी समोर दिसते, तिला हात लावता येतो, पण ती बाहेर काढता येत नाही.

हौशी मंडळींच्या फायबरच्या जुन्या स्पीडबोटींमध्ये अडचण आणखी वाढते. तेथे टाकीत बहुधा पेट्रोल असते, टाकी पातळ अॅल्युमिनियमची असते आणि तिच्याभोवती पॉलियुरेथेनचा फेस ओतून तो घट्ट केलेला असतो. हा फेस टाकीला आधार देतो, बोटीला तरंगण्यास मदत करतो आणि वर्षानुवर्षे पाणी धरून ठेवून त्याच टाकीला बाहेरून पोखरतोही.

गळती नेमकी कोठे?

डिझेलचा वास येतो, तळाशी साचलेल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो आणि लगेच टाकीवर ठपका ठेवला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष टाकीचा नसतो. डेकवरील भरणा-तोंडापासून टाकीपर्यंत येणारी रबरी नळी, तिचे क्लिप, हवा जाण्याची नळी, इंजिनाकडून उरलेले डिझेल परत आणणारी नळी आणि पातळीमापकाचा गॅस्केट यांपैकी काहीही गळू शकते. टाकी तोंडापर्यंत भरल्यावरच वास येत असेल, तर वरच्या बाजूच्या जोडांवर प्रथम संशय घ्यावा. डेक कापल्यानंतर दोष नळीचा होता असे कळणे हा फार महागडा शोध ठरतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे दाबचाचणी. सर्व नळ्या सोडून टाकीची तोंडे बंद करायची, आत अगदी थोडा हवेचा दाब द्यायचा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावायचे. हा दाब सुमारे २० किलोपास्कल, म्हणजे चौरस इंचाला तीन पौंड, याच्या वर जाऊ नये. आकडा किरकोळ वाटतो; त्याचा अर्थ मात्र किरकोळ नाही. १२० सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद अशा टाकीच्या एका पत्र्यावर एवढ्या दाबाने जवळपास दोन टनांचा जोर येतो. गॅरेजमधील कॉम्प्रेसरची नळी सरळ टाकीला जोडली तर सपाट पत्रे फुगतात आणि वेल्डिंग उसवते. मापकाची सोय नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने हा दाब अचूक मोजता येतो. हवा भरण्यापूर्वी टाकी रिकामी आणि बाष्पमुक्त केलेली असावी, हे ओघानेच आले.

पोलादी टाकीचा नाश बहुतेक वेळा तळापासून होतो. भरणा-तोंडाच्या सैल झाकणातून पावसाचे किंवा समुद्राचे पाणी शिरते, दमट हवेतील बाष्प पत्र्यावर गोठते आणि डिझेलपेक्षा जड असलेले हे पाणी खाली जाऊन बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जीवाणू वाढतात. त्यांचा काळपट, चिकट साका फिल्टर तुंबवतो आणि त्यांच्यापासून तयार होणारी आम्ले पत्र्याला खड्डे पाडतात. भर समुद्रात, खवळलेल्या लाटांत इंजिन अचानक बंद पडण्यामागे पुष्कळदा हाच गाळ असतो. शांत पाण्यात तो तळाशी निजून असतो आणि बोट हेलकावू लागली की ढवळून वर येतो. टाकीची तक्रार नेमकी वाईट हवेतच का डोके वर काढते, याचे उत्तर हे आहे. अॅल्युमिनियमची टाकी याच्या उलट बहुधा बाहेरून जाते. ओले लाकूड, फेस किंवा गालिच्याचा तुकडा तिला चिकटून राहिला, तर त्या जागी हवेचा स्पर्श तुटतो आणि धातू पिठासारखा झडू लागतो. पितळी जोड सरळ अॅल्युमिनियमला लावले असतील, तर खाऱ्या दमट हवेत हे काम अधिकच लवकर होते.

रिकाम्या टाकीचे भय

या संपूर्ण कामातील खरा धोका टाकी काढण्याच्या कष्टात नसून टाकी ‘रिकामी’ झाल्यानंतरच्या तासांत आहे. सर्वसाधारण समज याच्या नेमका विरुद्ध असतो. टाकी भरलेली असताना सगळे जपून वागतात. डिझेल काढून घेतले, की कोणीतरी ग्राइंडर मागवतो.

इंधनाचा द्रव जळत नाही, जळते ते त्याचे बाष्प आणि तेही हवेत ठराविक प्रमाणात मिसळले तरच. पेट्रोलच्या बाष्पासाठी हे प्रमाण हवेच्या सुमारे १.४ ते ७.६ टक्के आहे. भरलेल्या पेट्रोलच्या टाकीत द्रवावरची थोडी जागा बाष्पाने इतकी दाटलेली असते, की तेथे जळण्यास पुरेशी हवाच नसते. टाकी उपसली की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होत होत नेमके त्या स्फोटक पट्ट्यात येते. तळाचा गाळ, आडभिंतींच्या कोपऱ्यांत अडकलेले थेंब आणि गंजाच्या खपल्यांत मुरलेले इंधन पुढे कित्येक तास बाष्प सोडत राहते. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे ते उडून जात नाही. ते बोटीच्या तळाशी पाण्यासारखे साचते आणि तेथे असतात बॅटरी, पाणी उपसण्याचा पंप आणि स्टार्टर.

‘आमच्या बोटीत डिझेल आहे, पेट्रोल नव्हे’ हे उत्तर यावर नेहमी दिले जाते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतके बाष्प सोडते, हे खरे आणि त्या मानाने डिझेल सौम्य, हेही खरे. परंतु भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सियस असणे पुरेसे मानले आहे. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटीच्या इंजिनघरात एवढे तापमान सहज गाठले जाते. शिवाय ग्राइंडरच्या चकतीखालचा किंवा गॅसकटरच्या ज्योतीखालचा पत्रा शेकडो अंशांनी तापतो आणि त्याच्या आतल्या बाजूला लागलेले डिझेलचे पापुद्रे क्षणात बाष्प बनतात. ठिणगी तर तेथे तयारच असते.

जवळजवळ रिकामी टाकी काय करू शकते, याचे सर्वांत कसून तपासले गेलेले उदाहरण आकाशातले आहे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ८०० क्रमांकाचे उड्डाण अटलांटिकवर फुटले आणि विमानातील सर्व २३० जण मृत्युमुखी पडले. बोइंग ७४७ च्या मध्यवर्ती टाकीत त्या दिवशी तळाला थोडेसेच इंधन उरले होते. ते पेट्रोल नव्हते. रॉकेलच्या जातीचे, डिझेलशी बऱ्याच अंशी मिळतेजुळते विमान-इंधन होते. टाकीखालील वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेने ते तापले, रिकाम्या जागेत स्फोटक मिश्रण तयार झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चार वर्षांच्या तपासानंतर २००० मध्ये याच मिश्रणाचा स्फोट हे कारण नोंदवले. ठिणगी कोठून आली हे मात्र निश्चित सांगता आले नाही, विजेच्या तारांतील शॉर्टसर्किटची शक्यता सर्वाधिक मानली गेली. मासेमारी नौकेच्या इंजिनघरात ठिणगीचा उगम शोधण्याची गरज पडत नाही. ती आणणारा माणूस हातात यंत्र घेऊन आत उतरलेला असतो.

कायद्याने हा धोका फार पूर्वीच ओळखला आहे. ज्वलनशील पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या टाकीवर, तो पदार्थ व त्याची वाफ पूर्णपणे काढून टाकल्याशिवाय वेल्डिंग, डाग देणे किंवा कापणे करू नये, असे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने घातले होते. ‘किंवा पूर्वी असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पेट्रोलियम नियम, २००२ मध्येही पेट्रोलियमच्या पात्रांची दुरुस्ती बाष्पमुक्तीनंतरच करावी अशी तरतूद आहे. जहाजतोडणीच्या उद्योगात अशा स्फोटांनी कामगारांचे बळी घेतल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात वायुमुक्ततेच्या प्रमाणपत्राचा आग्रह धरला गेला. मोठ्या जहाजासाठी ही व्यवस्था निदान कागदावर तरी आहे. किनाऱ्यावर टेकू देऊन उभी केलेली बारा-पंधरा मीटरची नौका मात्र व्यवहारात कारखानाही नसते आणि जहाजतोडणीचे आवारही. तेथे रोजंदारीवर आलेला वेल्डर असतो, त्याच्या हातात बाष्प मोजणारे यंत्र नसते आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरलेले नसते. महामार्गालगतच्या कोणत्याही गॅरेजमध्ये ट्रकची डिझेल टाकी ‘पाण्याने धुऊन’ सांधली जाते, तेव्हाही परिस्थिती फारशी वेगळी नसते.

उपसणे, धुणे, मोजणे

कामाची सुरुवात बॅटरीच्या तारा सोडून, त्या बोटीबाहेर नेण्यापासून व्हावी. त्यानंतर झाकणे उघडून हवा खेळती करायची. पावसाळ्यात नौका शाकारलेली असते, म्हणजे वरून ताडपत्री किंवा झापांनी बंदिस्त केलेली असते. काम चालेल तेवढे दिवस हे आच्छादन बाजूंनी मोकळे ठेवणे भाग आहे. डिझेल हातपंपाने किंवा इंधनासाठीच बनवलेल्या पंपाने पिंपांत काढता येते. पेट्रोलसाठी साधा विजेचा पंप मुळीच वापरू नये. वाहत्या इंधनामुळे स्थिर वीज निर्माण होते, म्हणून टाकी व धातूचे पिंप तारेने एकमेकांना जोडून घ्यावे लागतात. तळाचा साका पंपात येत नाही. तो पातळीमापकाच्या छिद्रातून किंवा तपासणीच्या झाकणातून ओढून काढावा लागतो. हा साका आणि तेलकट पाणी बंदरात सोडण्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार मनाई आहे आणि ज्या पाण्यावर पोट भरते त्यात तेल ओतणे हा शहाणपणाही नव्हे. ते घट्ट झाकणाच्या पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे लागते.

यानंतर टाकी कपडे धुण्याच्या पावडरीच्या किंवा तेल सोडवणाऱ्या द्रावणाच्या गरम पाण्याने एकापेक्षा अधिक वेळा धुवायची. वाफेचा मारा मिळाला तर उत्तमच. आडभिंतींमुळे टाकीचे आतून कप्पे झालेले असतात. एका कप्प्याच्या छिद्रातून सोडलेले पाणी दुसऱ्या कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. धुऊनही स्फोट होतात ते बहुधा याच कोपऱ्यांमुळे.

कापायचेच असेल तर आतली रिकामी जागा कमीत कमी ठेवणे हा जुना व खात्रीचा उपाय आहे. टाकी पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरायची आणि पाण्याच्या पातळीच्या किंचित वर कापायचे, मग पाणी उतरवत पुढे जायचे. दुसरा मार्ग निष्क्रिय वायूचा. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडने आतली हवा हुसकून लावली, की जळण्यास प्राणवायू उरत नाही. यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे आग विझवण्याच्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचा झोत सरळ टाकीत मारू नये. त्या झोतातील बर्फाच्या कणांनी स्थिर वीज तयार होते. जर्मनीत बिटबुर्ग येथे १९५४ मध्ये विमान-इंधनाच्या टाकीवर अशा अग्निशमन यंत्रणेची चाचणी चालू असतानाच स्फोट झाला आणि अनेक जण मरण पावले. कोरडा बर्फ टाकीत ठेवून त्याचा संथपणे वायू होऊ देणे त्या मानाने सुरक्षित. दुसरी गोष्ट म्हणजे हा वायू बोटीच्या पोटातही साचतो. एक किलो कोरड्या बर्फापासून सुमारे अर्धा घनमीटर वायू होतो. बंद इंजिनघरात तो माणसाचा प्राणवायू हिरावून घेतो आणि त्याची पूर्वसूचना फार थोडी मिळते. आत उतरणाऱ्याच्या सोबत बाहेर एक माणूस सतत उभा हवा, आणि आतला कोसळला तर बाहेरच्याने आत उडी न घेता दोराने त्याला ओढायला हवे. एकाला वाचवण्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा उतरल्याने विहिरींत आणि भूमिगत गटारांत किती जीव गेले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

या सगळ्याचा निकाल नाकाने लावायचा नसतो. वास येत नाही म्हणजे बाष्प नाही, असे होत नाही. थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावते. ज्वलनशील वायू व प्राणवायू मोजणारे हातात मावणारे यंत्र टाकीच्या प्रत्येक कप्प्यात, तळाशी आणि माथ्याशी फिरवून वाचन घ्यावे. माणूस उतरणार असलेल्या जागेत प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी नसावा. जेवण करून परतल्यावर वाचन पुन्हा घ्यावे, कारण मधल्या तासाभरात गाळाने पुन्हा बाष्प सोडलेले असते.

बाहेर काढण्याच्या वाटा

आता मुख्य प्रश्न. समजा, टाकी १२० सेंटिमीटर लांब, ८० रुंद आणि ६० उंच आहे. तिच्यात ५७६ लिटर डिझेल मावते, त्याचे वजन सुमारे ४८० किलो. तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि दोन आडभिंती धरल्या तर रिकाम्या टाकीचे वजन सव्वाशे किलो होते. इंजिनघराचे झाकण ६५ बाय ६५ सेंटिमीटरचे आहे. टाकीची सर्वांत लहान बाजू ८० बाय ६० असल्यामुळे ती कशीही फिरवली तरी त्यातून निघणार नाही.

पहिली वाट डेक उघडण्याची. लाकडी नौकेत ही वाट दिसते तितकी कठीण नसते. कुशल सुतार फळ्या खिळे काढून उचलू शकतो, नंतर पुन्हा बसवून सांध्यांत कापूस व राळ भरून डेक जलरोधक करू शकतो. जपायचे असते ते फळ्यांखालच्या आडव्या तुळयांना. त्या बोटीच्या दोन्ही कुशी एकमेकींना धरून ठेवतात. एखादी कापावीच लागली, तर तिच्या दोन्ही बाजूंना आधी पक्का टेकू हवा आणि जोड परत लावताना तो मूळ तुळईइतकाच मजबूत हवा. फायबरच्या डेकचे गणित वेगळे. तेथे कापलेला तुकडा जपून ठेवून तोच परत बसवतात, पण दोन कडा नुसत्या समोरासमोर चिकटवून भागत नाही. कडेला जाडीच्या बारा पट लांब उतार घासून त्यावर काचकापडाचे थर चढवावे लागतात, म्हणजे पाच मिलिमीटरच्या थराला सहा सेंटिमीटरचा उतार. डेकच्या आत प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असेल, तर त्याच्या उघड्या कडा राळेने बंद केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. काही नौकांत डेकऐवजी इंजिनच आधी काढून वाट मोकळी करावी लागते. इंजिनाची मोठी दुरुस्ती तशीही ठरलेली असेल, तर दोन्ही कामे एकत्र उरकण्यात शहाणपण असते.

फेसात रुतलेली टाकी क्रेनने सरळ ओढणे ही सर्रास होणारी चूक आहे. फेस टाकीला सर्व बाजूंनी धरून असतो. ओढल्यास टाकीचे कान उपटले जातात किंवा तळाचा फायबर फाटतो. लांब पात्याच्या करवतीने बाजूंचा फेस कापून, मूठ जाईल एवढी मोकळीक करून, मगच तिला हलकेच डोलवायचे असते. फेस जाळून काढण्याचा मोह टाळावा. जळत्या पॉलियुरेथेनमधून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो.

दुसरी वाट टाकी जागेवरच कापून तुकड्यांनी बाहेर आणण्याची. वरील उदाहरणातील टाकी आडभिंतींलगत तिघांत कापली, तर प्रत्येक तुकडा ४० बाय ८० बाय ६० चा होतो आणि ६५ च्या झाकणातून तो सरळ निघतो. डेकला हात लागत नाही, सुताराची मजुरी वाचते. म्हणूनच ही वाट सर्वांना आवडते आणि म्हणूनच सर्वाधिक धोकाही हिच्यातच आहे. धुणे, पाणी भरणे, वायू मोजणे यांतील एकही पायरी वगळायची असेल, तर ही वाट धरू नये. हवेवर चालणारी पत्रा कुरतडणारी कात्री किंवा सावकाश चालवलेली, तेल-पाण्याने थंड ठेवलेली करवत ग्राइंडरपेक्षा वेळ जास्त घेते, पण ती ठिणग्यांचा फवारा उडवत नाही. गॅसकटरचा येथे विचारच नको.

तिसरी वाट टाकी न काढण्याची. दुरुस्तीच्या धंद्यात ती कमीपणाची मानली जाते, तसे मानण्याचे कारण नाही. जुनी टाकी उपसून, धुऊन, सर्व नळ्या तोडून कायमची निकामी करायची आणि इंजिनघरात किंवा मागच्या खणात दोन लहान टाक्या बसवायच्या. जुना सांगाडा थोडी जागा आणि वजन व्यापतो, हे खरे. परंतु टाकीभोवतीच बोटीचा आधार बांधलेला असेल, तर तिला हात न लावणेच बरे. बोटीचा तोल मात्र नव्याने तपासावा लागतो. एका कुशीतील चारपाचशे किलो दुसरीकडे गेले, की नौका कलते आणि जाळे ओढताना हा कल जिवावर बेतू शकतो.

पुन्हा काढता येईल अशी टाकी

नव्या टाकीचे मोजमाप जुन्या टाकीवरून घेऊ नये, ते झाकणावरून घ्यावे. ६० बाय ६० बाय ७५ सेंटिमीटरच्या दोन टाक्या ६५ च्या झाकणातून आत जातात आणि बाहेरही येतात. दोहोंत मिळून ५४० लिटर डिझेल मावते. जुन्या टाकीपेक्षा ते अवघे ३६ लिटरने कमी भरते. प्रत्येकीला स्वतंत्र चावी ठेवली, तर एकीत पाणी किंवा गाळ निघाला तरी दुसरीवर बंदर गाठता येते.

पोलादी पत्र्याला आतून जस्ताचा मुलामा देऊ नये. डिझेलची जस्तावर प्रक्रिया होऊन तयार होणारे साबणासारखे पदार्थ इंजिनाचे इंजेक्टर बिघडवतात. तळाला एका कोपऱ्याकडे उतार, तेथे पाणी काढण्याची चावी, प्रत्येक कप्प्यावर हात जाईल एवढे तपासणीचे झाकण आणि टाकीखाली हवा खेळण्यास जागा, एवढे पाहिले तर टाकीचे आयुष्य पुष्कळ वाढते. टाकी लाकडावर सरळ टेकवू नये. पाणी न शोषणाऱ्या निओप्रिनच्या पट्ट्यांवर ठेवून पट्ट्यांनी आवळावी. पेट्रोलच्या टाकीला तळाशी चावी मुळीच नसते, सर्व नळ्या माथ्यावरून घेतात, म्हणजे जोड निसटला तरी इंधन ओघळत नाही. लहान नौकांच्या इंधनव्यवस्थेसाठी आयएसओ १००८८ आणि कायमस्वरूपी टाक्यांसाठी आयएसओ २१४८७ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. नवी टाकी बनवून घेताना कारागिरासमोर ती ठेवण्यास हरकत नाही.

वेळेचे गणित राहते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते आणि नौकेची सगळी डागडुजी या ६१ दिवसांत बसवावी लागते. या दिवसांत सुतार, फिटर, वेल्डर सर्वांनाच मागणी असते, पाऊस काम अडवतो आणि हाती पैसा नसतो. त्यामुळे टाकीचे काम बहुधा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघते आणि धुण्या-मोजण्याचे दोन दिवस त्यातून पहिल्यांदा कापले जातात. ज्या नौकामालकाने मे महिन्यात, नौका पाण्यात असतानाच, टाकीचे झाकण उघडून तळाचा नमुना बाटलीत घेतला आणि झाकणाची मापे कागदावर उतरवून कारागिराकडे दिली, त्याची टाकी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर येऊ शकते. नमुन्याच्या बाटलीत तळाला पाणी आणि त्यावर काळी जाळी दिसली, तर आणखी एक हंगाम त्याच टाकीवर काढू नये.